‘डॉक्टर इन द हाऊस’ : स्प्रॅटकडे बघून झालं की कॉटवरच्या माणसाकडेही बघ

प्रश्न असा आलाय : "मी एमबीबीएस सेकंड इयरला आहे. सर्जरीच्या सरांनी पहिल्याच क्लिनिकला सांगितलं की १९५४ चा ‘डॉक्टर इन द हाऊस’ बघा, म्हणजे सर्जन काय चीज असते ते कळेल. बघितला, खूप हसलो. पण त्या सर लान्सलॉट स्प्रॅटसारखे सर्जन खरंच असायचे का? आणि आज त्यातून शिकण्यासारखं काही आहे, की नुसती जुनी करमणूक?"

हो, असायचे, आणि शिकण्यासारखं भरपूर आहे. पण एवढ्यावर थांबले तर मलाच चैन पडणार नाही, कारण हा पिक्चर माझ्या फार जवळचा आहे. मी भूल देणारी डॉक्टर, ३२ वर्षं झाली या कामात, त्यातली १५ उत्तर इंग्लंडमधे एनएचएसच्या, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, हॉस्पिटलात गेली, आणि हा पिक्चर मी पहिल्यांदा तिथेच बघितला. रविवारची दुपार होती, रात्रभर ड्युटी करून आले होते, टीव्ही सहज लावला आणि झोपायचं सोडून शेवटपर्यंत बघत बसले, कारण पडद्यावरचं लंडन होतं पण मला आमच्या मुंबईच्या म्युनिसिपल कॉलेजचा वॉर्ड दिसत होता, तोच राऊंड, तीच सरांच्या मागे घोळक्याने पळणारी पोरं, तीच दुसऱ्या रांगेत लपायची धडपड.

आधी एक गोष्ट सांगते जी फार कमी लोकांना माहीत असते. ही गोष्ट सर्जनने नाही लिहिलेली, भूलतज्ज्ञाने लिहिलीये. पिक्चर ज्या कादंबरीवरून काढला तिच्यावर नाव रिचर्ड गॉर्डन असं आहे पण त्यांचं खरं नाव गॉर्डन ऑस्टलेअर, जन्म १९२१, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलमधे शिकले, ज्याला तिकडे सगळे नुसतं बार्ट्स म्हणतात आणि जे ११२३ पासून चालू आहे. तिथे भूल द्यायचे, विद्यार्थ्यांसाठी भूलशास्त्राचं पुस्तक लिहिलं, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे संपादनाचं काम केलं, काही काळ बोटीवर डॉक्टर म्हणून गेले, आणि १९५२ मधे ही कादंबरी आली त्याच वर्षी प्रॅक्टिस सोडून लिहायलाच बसले. २०१७ मधे ९५ व्या वर्षी वारले. पिक्चरमधलं सेंट स्विदिन्स हॉस्पिटल काल्पनिक आहे, पण बार्ट्समधे शिकलेल्या माणसाने ते कुठून उचललं असेल हे वेगळं सांगायला नको.

भूलतज्ज्ञाने लिहिली याचं एवढं काय, असं तुला वाटेल. तू अजून ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधे, फारसा उभा राहिला नसशील म्हणून सांगते. सर्जनला टेबलावर हिरव्या कापडाच्या मधोमध उघडलेला वीतभर तुकडा दिसतो, आणि त्याने तेवढंच बघायचं असतं. आम्ही डोक्याकडे बसतो. आम्हाला सर्जनच्या कपाळावरचा घाम दिसतो, जखम उघडी धरायचा रिट्रॅक्टर धरून धरून हाऊस सर्जनचा, म्हणजे शिकाऊ डॉक्टरचा, हात थरथरायला लागलेला दिसतो, सिस्टरचा चेहरा दिसतो, मागे भिंतीला टेकलेला विद्यार्थी पांढरा पडत चाललाय हे सगळ्यात आधी आम्हाला कळतं, आणि हे सगळं बघताना आमचा हात पेशंटच्या जबड्याखाली किंवा नाडीवर असतो. गॉर्डन यांनी वर्षानुवर्षं त्या स्टुलावर बसून माणसं बघितली. म्हणून पिक्चरमधली पात्रं ठोकळ्यासारखी वाटत नाहीत, प्रत्येकाला आपण कुठेतरी भेटलोय असं वाटतं.

(आपल्याकडे भुलेच्या मशीनला जुने ओटी मामा अजून "बॉईल्स" म्हणतात, बॉईल्स आणा, बॉईल्स चेक करा. ते नाव हेन्री बॉईल यांचं, त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ च्या सुमारास ते मशीन तयार केलं, आणि तेही बार्ट्सचेच. तुमच्या कॉलेजच्या ओटीत जो शब्द रोज कानावर पडतो तो त्या हॉस्पिटलातून आलाय.)

आता स्प्रॅट. जेम्स रॉबर्टसन जस्टिस या नटाने केलाय, दाढी, ढेरी, आणि वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा आवाज. हा माणूस वॉर्डात येतो तो राजासारखा, आणि ते उगाच दाखवलेलं नाही. १९४८ च्या जुलैमधे एनएचएस सुरू होईपर्यंत लंडनची मोठी टीचिंग हॉस्पिटलं धर्मादाय होती, तिथले मोठे सर्जन ऑनररी असायचे, म्हणजे वॉर्डातल्या गरीब पेशंटचं काम फुकट करायचे आणि कमाई हार्ली स्ट्रीटच्या खाजगी प्रॅक्टिसवर. जो माणूस फुकट येतो त्याला बोलणार कोण? वॉर्ड त्याचा, कॉटा त्याच्या, हाऊसमन त्याचे. मुंबईच्या म्युनिसिपल हॉस्पिटलात ऑनररींची पद्धत कित्येक वर्षं होती ती याच साच्यातली, आणि युनिट, रजिस्ट्रार, हाऊसमन, राऊंड हे आपले सगळे शब्दही तिथलेच. त्यामुळे आमच्या पिढीला हा पिक्चर परदेशी वाटतच नाही. पिक्चर निघाला तेव्हा एनएचएसला जवळजवळ सहा वर्षं होत आली होती, तरी स्प्रॅट मात्र मनाने अजून त्या आधीच्याच जगात राहतोय, हे लक्षात ठेवून बघितलंस तर त्याचा आरडाओरडा वेगळा ऐकू येईल.

आणि तो प्रसंग, ज्यावर तू नक्की हसला असशील. कॉटवर पेशंट झोपलाय, पोट उघडं. भोवती विद्यार्थी. स्प्रॅट विचारतो छेद कुठे घ्यायचा, पोरगा बिचारा छोटीशी जागा दाखवतो, स्प्रॅट म्हणतो एवढ्याशा भोकातून काय दिसणार आणि स्वतः पोटावर भलीमोठी रेघ ओढतो. पेशंटचे डोळे विस्फारतात. स्प्रॅट त्याला म्हणतो घाबरू नका, याच्याशी तुमचा काहीएक संबंध नाही. मग त्वचेखाली काय लागेल, त्याखाली काय लागेल, असं करत करत एका पोराला एकदम विचारतो, ब्लीडिंग टाईम किती? पोरगा घड्याळात बघतो आणि सांगतो, सर, दहा वाजून दहा मिनिटं.

हा विनोद मराठीत पूर्ण उतरत नाही. ब्लीडिंग टाईम म्हणजे टोचल्यापासून रक्त थांबेपर्यंतचा वेळ, पण लंडनच्या बोलीत ब्लीडिंग हा शब्द आपण चिडून "साला" घालतो तसा वाक्यात घालतात. पोराला वाटलं सर वैतागून विचारतायत की वाजले किती साले. सत्तर वर्षं झाली, पण ब्रिटनमधे या पिक्चरचं नाव काढलं की ज्याला दुसरं काही आठवत नाही त्यालाही हे आठवतं. आमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या साठी उलटलेल्या सिस्टर अजून घड्याळाकडे बोट दाखवून हेच म्हणायच्या आणि अख्खं थिएटर हसायचं.

पण तू डॉक्टर होणार आहेस म्हणून याच प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे. ब्लीडिंग टाईमची पहिली पद्धत ड्यूक नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९१० मधे दिली, कानाच्या पाळीला टोचायचं आणि दर अर्ध्या मिनिटाने टिपकागदाने टिपत राहायचं, डाग पडायचा थांबला की वेळ लिहायची. पुढे आयव्ही यांची पद्धत आली, दंडाला बीपीचा पट्टा ४० वर फुगवून हाताच्या पुढच्या भागावर टोचायचं. स्प्रॅटच्या काळात हे विचारणं बरोबरच होतं, दुसरं होतं काय हाताशी? पण आपल्याकडे आजही गावोगावच्या लॅबमधे ऑपरेशनआधीच्या रिपोर्टात "बीटी-सीटी", म्हणजे ब्लीडिंग टाईम आणि रक्त गोठायचा क्लॉटिंग टाईम, असतंच, सर्जन लिहितात, पेशंट पैसे भरतो, रिपोर्ट नॉर्मल येतो, सगळे निश्चिंत. आणि १९९८ मधेच अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांनी स्पष्ट लिहून टाकलंय की ऑपरेशनआधी ब्लीडिंग टाईम करून फायदा नाही, टेबलावर कोण जास्त रक्त घालवणार हे त्यावरून कळत नाही, टोचणाऱ्याचा हात बदलला तरी आकडा बदलतो.

मग कशावरून कळतं? विचारण्यावरून. दात काढला होता तेव्हा रक्त किती वेळ वाहिलं, पाळीत किती दिवस जातं, किती पॅड लागतात, बाळंतपणात रक्त चढवावं लागलं का, घरात कुणाला असा त्रास आहे का, हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, सांधे दुखतात म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळ्या घेता का. ही यादी माझ्या तोंडात इतकी बसलीये की झोपेतही म्हणेन. या प्रश्नांनी मला जेवढ्या वेळा वाचवलंय तेवढं बीटी-सीटीच्या कागदाने एकदाही नाही. आणि आता तो प्रसंग परत बघ. स्प्रॅट हा प्रश्न सगळ्या पोरांना विचारू शकतो, पण ज्याला खरं उत्तर माहीत आहे तो तर कॉटवर पडलाय, आणि त्याला नुकतंच सांगितलंय की तुमचा याच्याशी संबंध नाही.

मला या पिक्चरबद्दल जे म्हणायचंय ते खरं म्हणजे एवढंच आहे. सगळे स्प्रॅटकडे बघून हसतात. एकदा पेशंटकडे बघ.

स्प्रॅटवर अन्याय करायचा नाहीये मला. एवढी मोठी रेघ का, तर त्याचंही कारण आहे, आणि ते आमच्या बाजूने आलेलं आहे. स्प्रॅट ज्या काळात शिकला असेल, म्हणजे १९२०-३० च्या आसपास, तेव्हा भूल म्हणजे मुख्यतः ईथर किंवा क्लोरोफॉर्म. पोटाचे स्नायू ढिले पडायला हवे असतील तर ईथर खूप खोल द्यावं लागायचं, आणि खोल गेलं की पेशंटचा श्वास आणि बीपी धोक्यात. म्हणजे सर्जनला घट्ट पोटात, कमी वेळात, बेताच्या उजेडात काम उरकायचं असायचं, रक्त सहज मिळायचं नाही, पेनिसिलिन नाही. अशा वेळी छेद मोठा घेणारा सर्जन पेशंटचा जीव वाचवत होता, आणि ओरडणारा सर्जन घाबरलेला होता, हे मी आता या वयात म्हणू शकते. मग १९४२ मधे माँट्रियलला भूलतज्ज्ञ ग्रिफिथ यांनी क्युरारे हे स्नायू ढिले करणारं औषध भुलेत वापरलं, १९४६ मधे लिव्हरपूलला ग्रे आणि हॉल्टन यांनी त्याच्या वापराचा मोठा अनुभव मांडला, आणि पोट ढिलं करायला ईथरच्या तळाशी जायची गरजच संपली. १९५१ च्या सुमाराला स्नायू झटकन ढिले करणारं सक्सामेथोनियम आलं, १९५६ मधे मँचेस्टरला हॅलोथेन हा भुलेचा नवा वायू. म्हणजे पिक्चर आला त्याच चौदा-पंधरा वर्षांत सर्जनच्या घाईचं कारण आम्ही हळूहळू काढून घेत होतो. कारण गेलं, आवाज राहिला. पुढे सर्जन झालेल्या पोरांनी आवाजच उचलला, कारण शिकताना त्यांना तोच ऐकू आला होता.

माझ्या शिकण्याच्या काळात एका सरांनी युनिटमधल्या रजिस्ट्रारला सगळ्यांसमोर, पेशंटच्या नातेवाइकांसमोर, फाईल फेकून मारली होती. त्या रजिस्ट्रारने त्यानंतर त्या सरांना रात्री फोन करणं टाळलं. कितीही गंभीर केस असो, सकाळपर्यंत रेटायची. हे मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगते, भीतीने माणूस अभ्यास करतो हे अर्धंच खरं आहे, भीतीने माणूस फोनही करत नाही.

२००५ मधे इंग्लंडात एक प्रकरण झालं ते तिकडच्या प्रत्येक भूलतज्ज्ञाला शिकवतात. सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी आलेली तरुण आई, भूल दिल्यावर श्वासाची नळी जाईना, मास्कनेही ऑक्सिजन पोचेना. खोलीत अनुभवी सीनियर डॉक्टर होते आणि ते नळी घालण्याचाच प्रयत्न करत राहिले. एक नर्स गळ्यातून वाट करायचा संच घेऊन आली होती, दुसरीने आयसीयूत बेड सांगून ठेवला होता, म्हणजे काय करायला हवं हे त्या खोलीत माहीत असलेलं माणूस होतं, पण ते मोठ्या डॉक्टरांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. ती बाई गेली. तिचा नवरा विमानाचा पायलट, त्याने कुणाला जेलमधे घाला म्हटलं नाही, त्याने विचारलं की कॉकपिटमधे ज्युनियरला बोलायला शिकवतात तसं तुमच्याकडे का शिकवत नाहीत, आणि पुढची कित्येक वर्षं तो डॉक्टरांना हेच शिकवत फिरला. २००८ मधे डब्ल्यूएचओची सर्जिकल चेकलिस्ट आली, ऑपरेशनआधी सगळ्यांनी थांबायचं, आपापलं नाव सांगायचं, पेशंटचं नाव, बाजू, ऑपरेशन मोठ्याने म्हणायचं. कित्येकांना तो कागद भरायचा कंटाळा वाटतो. मला प्रत्येक वेळी वाटतं की ज्या माणसाने एकदा स्वतःचं नाव मोठ्याने सांगितलंय त्याला दुसऱ्यांदा तोंड उघडणं सोपं जातं. स्प्रॅटच्या थिएटरमधे ती चेकलिस्ट चालली असती का? पहिल्या आठवड्यात नाही, पण माझा अंदाज आहे की वर्षभरात चालली असती, कारण तो माणूस वाईट नाहीये. शेवटाकडे सायमनला, म्हणजे गोष्टीतल्या नायक विद्यार्थ्याला, कॉलेजातून काढून टाकायची वेळ येते तेव्हा डीनला त्याच्या स्वतःच्या विद्यार्थीदशेतल्या भानगडीची आठवण करून देऊन पोराला वाचवतो तो हाच स्प्रॅट. असे सर मलाही लाभले, दिवसा झोडपायचे आणि रात्री आपल्या डब्यातली पोळी द्यायचे. त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही माया आहे, आणि तरीही मी म्हणते की झोडपलं नसतं तरी आम्ही शिकलो असतो.

पिक्चर म्हणून थोडं सांगते. दिग्दर्शक राल्फ थॉमस, निर्माती बेटी बॉक्स, त्या काळात बाईने एवढे पिक्चर काढणं ब्रिटनमधेही दुर्मिळ होतं, आणि गंमत म्हणजे ही कादंबरी तिने रेल्वेच्या लांबच्या प्रवासात वाचायला म्हणून उचलली होती. शूटिंग पाइनवुड स्टुडिओत, आणि बाहेरून जे हॉस्पिटल दिसतं ती युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनची खांबांची इमारत. सायमन स्पॅरो झालेला डर्क बोगार्ड १९२१ चाच, म्हणजे लेखकाच्याच वयाचा, आणि सतत नापास होणारा ग्रिम्सडाईक झालेला केनेथ मोर तर चाळिशीला टेकलेला, त्याला या कामासाठी ब्रिटिश अकादमीचं बक्षीस मिळालं. १९५४ मधे ब्रिटनमधे सगळ्यात जास्त चाललेला पिक्चर हाच. बोगार्डचं काम मला जास्त आवडतं, तो विनोद करतच नाही, तो घाबरतो, आणि आपल्याला हसू येतं. पुढे सहा भाग निघाले, दुसरा बोटीवरचा, त्यात ब्रिजित बार्दो आहे, पण पहिल्यातला वॉर्डचा वास नंतरच्यांत उरला नाही असं माझं मत. १९६९ मधे याच नावाची टीव्ही मालिका आली, तिचे सुरुवातीचे भाग लिहिणाऱ्यांत विनोदी नट-लेखक ग्रॅहम चॅपमन होता, तोही बार्ट्समधून पास झालेला डॉक्टर.

ग्रिम्सडाईकची तर मला दयाच येते. नातेवाईकाने मरताना ठेवलेले पैसे मेडिकलचं शिक्षण चालू आहे तोवरच मिळणार, म्हणून तो पठ्ठ्या मुद्दाम नापास होत राहतो. आमच्या हॉस्टेलवर ऑड बॅचचे, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेले, असे एक-दोन सीनियर असायचेच, त्यांना कुणी पैसे देत नव्हतं, पण बाहेरच्या जगाची भीती वाटायची, आणि तेच आम्हाला सगळ्यात चांगलं शिकवायचे कारण त्यांनी तोच विषय चार वेळा वाचलेला असायचा. पिक्चरमधल्या तोंडी परीक्षेची जी दहशत आहे तीही खरी. परीक्षकाचा मूड, त्या दिवशीचा पेशंट आणि तुझं नशीब, यावर डॉक्टरकी ठरायची. १९७५ मधे डंडीच्या हार्डन यांनी ओएससीई मांडली, वेगवेगळी स्टेशनं, प्रत्येकाला तेच प्रश्न, ती यासाठीच. आपल्याकडे २०१९ च्या बॅचपासून नवीन अभ्यासक्रमात पेशंटशी बोलणं हा भाग अधिकृतपणे आलाय, एटकॉम म्हणून, म्हणजे तू त्यातलाच. पोरं तो तास बुडवतात हे मला माहीत आहे. बुडवू नकोस.

एका गोष्टीने मात्र मला पहिल्यांदा बघतानाच खटकलं. वॉर्डात बायका म्हणजे नर्स, सिस्टर, मेट्रन, नाहीतर पेशंट. विद्यार्थी म्हणून फळीत मुलगी नाहीच म्हटलं तरी चालेल. त्याचंही कारण इतिहासात आहे, बार्ट्सने मुलींना घेतलं ते १९४७ मधे. त्याआधी कित्येक वर्षं लंडनमधे मुलींना डॉक्टर व्हायचं तर बहुतेकींना १८७४ मधे मुद्दाम त्यांच्यासाठी काढलेल्या वेगळ्या कॉलेजात जावं लागायचं. आणि त्याच कॉलेजातून १८९४ मधे डॉक्टर होऊन बाहेर पडली आपली रखमाबाई, बालपणी झालेलं लग्न नाकारून कोर्टात उभी राहिलेली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने तर १८८३ मधेच मुलींना दार उघडलं होतं, बार्ट्सच्या चौसष्ट वर्षं आधी. मी तिकडे नोकरीला गेले तेव्हा एका वयस्कर पेशंटने मला विचारलं होतं की डॉक्टर कधी येणार. मी तेव्हा काही बोलले नाही, पण घरी येऊन रखमाबाईंबद्दल परत वाचलं आणि बरं वाटलं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो विनोदी नाहीये. सायमन रात्री सायकल काढून बाळंतपणाला जातो. तेव्हा विद्यार्थ्यांना घरोघरी जाऊन बाळंतपणं करावी लागायची. तिथे स्प्रॅट नाही, टोळकं नाही, प्रश्न विचारणारं कुणी नाही, एक बाई आहे आणि तिला मदत हवीये. आख्ख्या पिक्चरमधे सायमन डॉक्टर होतो तो माझ्या मते तिथे, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी नाही. तू हसून हसून तो भाग पुढे ढकलला असशील तर परत लाव.

तर तुझ्या सरांनी बघायला सांगितलं ते चांगलंच केलं. फक्त उद्या क्लिनिकला गेलास की एवढं कर. सर विचारतात ती उत्तरं दे, चुकलास तर चुकलास, घड्याळात बघून सांगितलंस तरी जग बुडत नाही. पण राऊंड पुढच्या कॉटकडे सरकला की तू दोन मिनिटं मागे थांब, स्टूल ओढून बस, उभ्याने नको, आणि विचार की काका, आत्ता आम्ही जे बोललो त्यातलं तुम्हाला काय कळलं. मी हे कुठून शिकले ते सांगते.

१९८६ साल, मी विद्यार्थिनी. आमच्या वॉर्डात एक गिरणी कामगार होते, मूळचे पाटणकडचे, संपात नोकरी गेलेली, पोटातल्या अल्सरचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलेलं. संध्याकाळच्या राऊंडला सरांनी स्किन पेन्सिलने त्यांच्या पोटावर बरगडीपासून बेंबीपर्यंत रेघ ओढली, आम्हाला थर विचारले, त्वचा, चरबी, लिनिआ अल्बा, आम्ही उत्तरं दिली, कुणीतरी चुकलं, सगळे हसले, राऊंड पुढे गेला. पहाटे पाचला मी रक्त घ्यायला गेले तर काका टक्क जागे, उताणे, दोन्ही हात अंगापासून लांब, चादर पायाशी. मला म्हणाले, "बाई, रेघ हाय का बघा जरा. रातभर कुशीवर न्हाई झोपलो, म्हटलं पुसली तर डॉक्टर कुठनं कापणार." त्यांना वाटत होतं की ती रेघ गेली तर ऑपरेशन चुकेल, आणि चूक त्यांची असेल. मी कॉटच्या कडेला बसले आणि मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं, आत काय आहे, काय कापणार, झोपवणार कसं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "टायमाला उठवाल न्हवं?" आणि मग कुशीवर वळून, ड्रेसिंगची ट्रॉली येईपर्यंत, तासभर गाढ झोपले.